काठावरचा आडवा हात

प्रयोगशाळेत बाईंनी बटण दाबलं आणि सवयीने सेकंद मोजायला सुरुवात केली. "एक" पूर्ण म्हणायच्या आतच सातवी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली. त्यांनी ती बंद करून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आधीच्या सहा काचांनी उजळायला नऊ-नऊ सेकंद घेतले होते. या काचेचा पडदा रुग्णवाहिकेतल्या यंत्रावर बसायचा होता. तिथे नऊ सेकंद कुणाकडे असतात? आज संध्याकाळपर्यंत तो सेकंदाभरात जागा झाला नाही, तर बाईंचं तीन वर्षांचं काम गुंडाळायचं, असं वरून सांगून झालं होतं.

"काका, ही कशी घासलीत?"

काका बावीस वर्षं काचा घासत होते. काचेवरच्या पातळ थरावरून मखमल एकाच दिशेने ओढायची, म्हणजे दोन काचांमध्ये भरलेल्या द्रवाचे कण त्याच दिशेने ओळीत निजतात. वीज मिळाली की ते वळतात आणि काच उजळते. काकांचा हात म्हणजे फूटपट्टी. घरचं टेबलही ते एकाच दिशेने पुसतात, अशी काकूंची तक्रार होती. 'नेहमीसारखीच' म्हणाले असते, तर कुणी शंका घेतली नसती.

त्यांनी मखमलीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"शिंक आली हो. काठाला हात आडवा गेला. टाकून द्यायला हवी होती. पण आजवर एकही टाकली नव्हती, धीर झाला नाही."

बाईंनी काच भिंगाखाली धरून पुन्हा लावली. उजेड त्या आडव्या ओरखड्यापासूनच निघत होता. सगळेच शिस्तीत निजलेले असले, तर आधी उठणार कोण? तिथले कण आधी वळत होते आणि त्यांच्यामागून बाकीची ओळ.

बाईंना काकांचं मनापासून कौतुक वाटलं. शिंकेचं नव्हे, सांगितल्याचं. ते गप्प बसले असते, तर कारण शोधण्यात आणखी तीन वर्षं गेली असती.

"एकदा जमलं, त्याला वर कुणी विचारणार नाही. अजून एक करा, काका. मुद्दाम. दुपारपर्यंत भरून होईल."

काकांनी कोरी काच पुढे ओढली. मखमल काठाशी आली आणि सरळ निघून गेली. दुसरी काच घेतली, तिथेही तेच. हात ऐकेचना.

"फार वळण लावलंय त्याला," ते ओशाळून म्हणाले.

तिसरी काच समोर घेऊन त्यांनी मखमल डाव्या हातात धरली आणि थांबले.

"बाई, तुम्ही जरा तिकडे बघा."

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.