दुसऱ्या बहिणीचं पाणी

मित्रांनो, काचेच्या कपाटात उभा असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा जन्म अंबाल्याचा. तिथून पेटीत बसून मी नागपुरातल्या एका लहानशा दवाखान्यात आलो आणि डॉक्टर सुहासिनीबाईंच्या हाती पडलो. बाई माझी भिंगं मऊ मलमलीने पुसत आणि "हा आमचा तिसरा डोळा," असं पाहुण्यांना कौतुकाने सांगत. मला ते आवडे. पण खरं सांगू? त्या खोलीत मला भीतीच जास्त वाटली. माझ्याखाली येणारा थेंब कुणाच्या तरी लेकराचा असे.

त्या वर्षी भुलाबाईचा, म्हणजे मुलींच्या गाण्यांचा आणि खिरापतीचा महिना सुरू होता. शहराच्या महाल भागातल्या एका गल्लीतून गोपिका नावाच्या मुलीला आणलं. ताप, ओकाऱ्या, मान लाकडासारखी ताठ. उजेड दिसला की ती किंचाळायची. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. कशाने, हे कळायला पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणं भाग होतं. तिची आजी अंजनाबाई दारातच आडवी आली.

"सुई नोको टोचू, बाई! पोरगी लुळी झाली तं कोण पाहीन तिले?"

"आजी, सुई टोचली नाही तर औषध कोणतं द्यायचं ते मला कसं कळणार?"

आजी बाजूला झाली, पण पाण्याच्या मागोमाग प्रयोगशाळेपर्यंत आली. "एक डोया मिटून काय दिसते वं तुले?" तिने विचारलं. बाई हसल्या नाहीत. नळीतलं पाणी नितळ होतं. माझ्याखाली लहान, गोल पांढऱ्या पेशी दिसल्या. रंग देऊन शोधलं, तरी जिवाणू एकही सापडला नाही. पाण्यातली साखर नेहमीएवढी निघाली, तेव्हा क्षयाची शंकाही मावळली. उरला विषाणू. मित्रांनो, तो मला दिसत नाही. माझ्या भिंगांच्या आवाक्यापेक्षा तो फार लहान. समोर असूनही न दिसणाऱ्या त्या शत्रूने माझा थरकाप उडवला.

"हा आजार बहुतेक आपोआप बरा होतो," बाई म्हणाल्या. आणि गोपिका खरंच बरी होऊन घरी गेली.

मग त्याच गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी एकेक करून तापाने आल्या. सगळ्यांचं पाणी तसंच नितळ. बाईंनी अंजनाबाईला बोलावून विचारलं, "या मुली एकत्र काय करत होत्या?"

"गोपी बरी झाली, म्हणून त्या दिवशी भुलाबाई आमच्याच घरी मांडली," आजी अभिमानाने म्हणाली. "पोरींनी गाणे म्हटले. खिरापत गोपीनंच वाटली, एकाच ताटातून, आपल्या हातानं. तिचं मन काहून मोडाचं?"

बाईंना उलगडा झाला. बऱ्या झालेल्या मुलीच्या पोटातूनही विषाणू बरेच दिवस बाहेर पडत राहतो आणि नीट न धुतलेल्या हाताने पुढच्या घरी जातो.

त्या मुलीही बऱ्या झाल्या. गल्लीची भीती गेली आणि माझी वाढली, कारण गोपिकाची धाकटी बहीण शामला तापली तेव्हा तिला कुणी आणलंच नाही. आणलं ते शुद्ध हरपल्यावर.

"हे गोपीचंच दुखणं हाय. तूच म्हणे ना, आपोआप बरं होते? मंग पुन्हा सुई काहून टोचतं?"

"ते गोपीचं पाणी होतं, आजी. हिचं मला अजून ठाऊक नाही."

नळी आली. पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ होतं. माझ्या भिंगाखाली जोडीजोडीने चिकटलेले जिवाणू दिसले. हा दुसराच आजार होता, जीव घेणारा. "पेनिसिलिन, आत्ता!" त्या ओरडल्या.

शामला वाचली. घरी जायच्या दिवशी अंजनाबाईने हाक मारली, "शामे, चाल वं, पोरी वाट पाहून राहिल्या." शामला खिडकीबाहेर बघत राहिली. आजीने पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने. शेवटी तिने नातीच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ती दचकून वळली. आजार जाताना तिचे कान घेऊन गेला होता.

आता बाई नाहीत. माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे. मला पुसलं नाही तरी चालेल, मित्रांनो. तुमचे हात मात्र साबणाने धुवा. आणि तापलेल्या लेकराची मान ताठली, तर शेजारचं कसं बरं झालं ते आठवत घरी बसू नका. त्याला उचला आणि निघा.