पाण्याचा ग्लास आणि लाल रेषा

बाबांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली आणि चौतीस वर्षांत एकाही प्रवाशाचा तोल जाऊ दिला नाही. हा हिशोब त्यांचा स्वतःचा होता, पण डेपोतही तो कधी कुणी खोडला नाही. स्टिअरिंगशेजारी पाण्याने भरलेला ग्लास ठेवायचा आणि शेवटच्या थांब्यापर्यंत त्यातला थेंब सांडू द्यायचा नाही, ही त्यांची खासियत. डेपोत सगळे त्यांना ‘ग्लासवाले’ म्हणत, आणि निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून भेट दिली तीही स्टीलच्या ग्लासाचीच. बाबांनी तो घरी आणून टीव्हीशेजारी ठेवला. त्यातून पाणी प्यायची कुणाची टाप नव्हती.

अशा माणसानं पन्नाशीत एक लाल, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार का घेतली, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. एका सकाळी दूध आणायला म्हणून गेले आणि गाडी घेऊन आले. दूध विसरले. आई तिच्यात एकदाच बसली. “जमिनीवर बसूनच फिरायचं असेल तर मी घरात चटई टाकते,” म्हणाली, आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. लेकीला मात्र त्या दिवशी आनंदानं काय करू नि काय नको असं झालं होतं. घड्याळाच्या काट्यावर जेवणाऱ्या, चपला ओळीत लावणाऱ्या आपल्या बापाच्या पोटात असला वेडेपणा दडलेला आहे, हे तिला तेव्हा समजलं, आणि बाप तिला दुपटीनं आवडायला लागला.

त्याला आता अठरा वर्षं झाली. लेक कपडे आल्टर करायचं दुकान चालवत होती, बाबा निवृत्त झाले होते, आणि लाल गाडी दमली होती. टाकीच्या चढावर, म्हणजे गावाबाहेर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका रविवारी ती निम्म्यात धापा टाकायला लागली. मागून एक सायकलवाला आला, त्यांच्या बरोबरीनं थोडा वेळ चालला, बाबांना मान लवून नमस्कार करून पुढे निघून गेला.

घरी येऊन बाबांनी चावी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “झालं तिचं. दातांचे डॉक्टर कधीपासून मागतायत, देऊन टाकू. येत्या रविवारी दहाला या म्हणून सांगतो.”

दातांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांना गाडी चालवायची नव्हती. दवाखान्याच्या दर्शनी काचेत शोभेला ठेवायची होती.

“आणि मग तुम्ही काय करणार?” लेकीनं विचारलं.

“बसेन की,” बाबा म्हणाले आणि खुर्चीकडे बघितलं.

ते बघणं लेकीनं ओळखलं. गाडी गेली तर तिच्याबरोबर बाबांमधला तो दूध विसरणारा माणूसही जाणार, आणि उरतील ते फक्त चपला ओळीत लावणारे. तिनं आठ दिवस मागून घेतले. बाबांनीही अट घातली, टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून दाखवला तर गाडी राहील, नाहीतर डॉक्टरांची.

आता लेकीला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हौसेला मोल नसतं असं नुसतं म्हणून थांबणाऱ्यांतली ती नव्हे. तिनं दोन संध्याकाळी व्हिडिओ पाहिले. जुन्या स्पोर्ट्स कारची ताकद वाढवायची तर मोकळा श्वास हवा, असं एक टोपीवाला गृहस्थ फार आत्मविश्वासानं सांगत होता. तिनं रुंद नळीचा सायलेन्सर आणि नवा एअर फिल्टर मागवला, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून बसवून घेतला, आणि बाबांना मोठ्या ऐटीत चावी दिली.

गाडी सुरू झाली आणि तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. आवाज असा की आईनं मिक्सर बंद केला, तिला वाटलं तोच बिघडला. रस्त्यावर मात्र गाडी होती तशीच, गोगलगायीच्या चालीनं.

“घसा सुधारला,” बाबा म्हणाले. “अंगात काही नाही.”

टायरवाल्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं असावं. त्यानंच मागच्या शेडमधल्या मेकॅनिकबाईंचं नाव सुचवलं. “ही असली इंजिनं त्यांनाच कळतात. मात्र बोलण्यात साखर नाही हां.”

मेकॅनिकबाई साठीच्या, बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी सायलेन्सरकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“धंदा काय तुमचा?”

“कपडे आल्टर करते.”

“कुणी मळकी, उसवलेली साडी घेऊन आलं आणि म्हणालं, हिला जरीची किनार लावा, तर काय सांगता?”

लेकीचे कान तापले. “आधी धुऊन आणा, उसवलेलं शिवू, मग किनार.”

“मग गाडीनं काय घोडं मारलंय?”

पुढचे दोन तास लेक स्टुलावर बसून शिकत होती. ह्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात, दोन तिकोनी चकत्या आत गरगर फिरतात. चकतीच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्या भिंतीला घट्ट चिकटून राहिल्या तरच ताकद. त्या पट्ट्यांना वंगण म्हणून इंजिन थोडं थोडं तेल मुद्दामच जाळतं, म्हणून तेलाची पातळी सारखी बघायची. नवशिक्यानं सुरुवात करायची ती इथून: इंजिनाचा दम मोजायचा, मग ठिणगी सुधारायची, पाणी आणि तेल थंड राहतंय का बघायचं, ब्रेक आणि टायर नवे करायचे. सायलेन्सरचा नंबर सगळ्यात शेवटी.

दम मोजला तर तो शाबूत निघाला. प्लग मात्र तव्यासारखे काळे, आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलपैकी एक मेलेली, एक मरायला टेकलेली. बाईंनी प्लग, कॉइल, वायरी सगळं नवं घातलं, रेडिएटर बदलला, ब्रेकचे पॅड बदलले. हे सगळं झालं शुक्रवारी दुपारी. गाडी न्यायला बाबा स्वतः आले.

“एक सांगा,” बाईंनी हात पुसत विचारलं, “प्लगवर इतकी काजळी कशी? गाडी कितीपर्यंत पळवता? इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा कुठवर नेता?”

बाबांची छाती फुगली. ह्या प्रश्नाची ते अठरा वर्षं वाट पाहत असावेत. “तीन हजार. त्याच्यावर एकदाही नाही. विचारा हिला.”

बाईंनी फडकं खाली ठेवलं.

“एकदाही?”

“एकदाही. सतराशे साठ गाड्या बघितल्या मी डेपोत, पिळवटून खराब केलेल्या. ही फुलासारखी जपली.”

“काका,” बाई म्हणाल्या, आणि टायरवाला म्हणाला होता त्या मानानं त्यांचा आवाज बराच मऊ होता, “बस तीन हजारांवर खूश असते. हिची झोपच तिथे उघडते. लाल रेषा सात हजारांवर आहे, ती शोभेला काढलेली नाही. अठरा वर्षं पोराला घरात पावलं टाकू दिलीत, पळू म्हणून दिलं नाहीत. काजळी साचणार नाही तर काय होईल? इंजिन नीट गरम होऊ द्यायचं, मग रोज एकदा काटा लाल रेषेपर्यंत. मी घालायचं ते नवं घातलंय. उरलेली दुरुस्ती तुमच्या पायात आहे.”

बाबा गाडीत बसले आणि तिला अडीच हजारांवर घरी घेऊन आले. त्यांना लागलं होतं. जपण्याचीच चूक निघाली, तर माणसानं तोंड कुठे लपवायचं? रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, “ती बाई शिकली कुठे?” आणि उत्तराची वाट न बघता उठले.

रविवारी सकाळी आठला दोघं निघाली. बाबांनी टीव्हीशेजारचा ग्लास काठोकाठ भरून लेकीच्या हातात दिला. “धर,” म्हणाले. चढाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत एक थेंब सांडला नाही. इंजिन गरम झालं होतं, रस्ता मोकळा होता, सायकलवालासुद्धा नव्हता.

बाबांनी चढ धरला. अडीच हजारांवर दुसरा गिअर, तीन हजारांवर तिसरा. गाडीनं मान टाकली. पहिल्या वळणापर्यंत कशीबशी आली आणि हिसके द्यायला लागली. बाबांनी तिला अलगद कडेला घेतलं, मागे सोडत पुन्हा पायथ्याशी आणलं आणि हँडब्रेक ओढला.

“बघितलंस,” ते म्हणाले. “डॉक्टर दहाला येतील.”

लेकीनं ग्लासाकडे पाहिलं. पाणी जागच्या जागी होतं, काठाला काठ. तिला एकदम बापाची फार माया आली. मग तिनं ग्लास तोंडाला लावला आणि गटागटा सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामा ग्लास सीटखाली सरकवला.

“आता सांडायला काही नाही, बाबा. माणसं पण नाहीत मागे. मागे सीटच नाही.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्या ग्लासातून पाणी प्यायलं होतं कुणीतरी, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. त्यांनी आरसा नीट केला, जो नीटच होता, आणि पहिला गिअर टाकला.

ह्या वेळी पाय उचलला नाही. तीन हजार गेले. चार गेले. मागे काळ्या धुराचा एक ढग सुटला, अठरा वर्षांची काजळी. दुसरा गिअर. पाच हजारांवर गाडीचा आवाजच बदलला, घसा साफ करून गायला बसावं तसा, आणि लेकीची पाठ सीटला चिकटली. सहा. झाडं मागे पळायला लागली. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र भलतेच मोठे. काटा सात हजारांच्या रेषेला टेकला आणि डॅशबोर्डातून एक बझर वाजला.

बाबांचा पाय क्षणात वर आला. बोटानं आपोआप कडेचा इंडिकेटर लावला, नजर आरशात गेली.

“कुणाला उतरायचंय?” त्यांनी विचारलं.

लेक एवढी हसली, एवढी हसली की पट्टा पोटात रुतला. बोलता येईना, नुसती बोटानं काट्याकडे दाखवत राहिली. लाल रेषेपाशी पोचल्याचा इशारा देणारा तो बझर गाडीत पहिल्या दिवसापासून होता. बाबांनी तो आज पहिल्यांदा ऐकला होता.

बाबांच्याही ध्यानात आलं. कानापर्यंत लाल झाले. त्यांनी इंडिकेटर बंद केला, तिसरा गिअर टाकला आणि पाय खाली दाबला.

“कुणी उतरत नाही,” ते म्हणाले, आणि गाडी टाकीचा चढ एका दमात चढून गेली.

वर पोचल्यावर त्यांनी गाडी वळवली, खाली नेली आणि पुन्हा चढवली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला बझर वाजायच्या आधीच ते हसायला लागत होते.

घरी पोचायला साडेदहा झाले. बाबांना उशीर झाल्याचं आईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, ती फाटकात उभी होती. शेजारी दातांचे डॉक्टर, दवाखान्याच्या काचेचं माप कागदावर लिहून आणलेलं. बाबा उतरले. केस विस्कटलेले, चपला गाडीत राहिलेल्या. त्यांनी सीटखालून ग्लास काढला, अंगणातल्या नळाखाली विसळून भरला आणि डॉक्टरांपुढे धरला.

“या, डॉक्टर. दमला असाल, पाणी घ्या,” ते म्हणाले. “गाडी काही मिळायची नाही.”

ग्लास देता देता बाबांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. अर्धं पाणी डॉक्टरांच्या बुटावर सांडलं. बाबांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.