सतरा पुरुषांवर तळ

डोंगरातल्या तळ्यावर दाजी एकवीस वर्षं नाव वल्हवत होते. नावांचा मालक त्यांचा मेव्हणा. तो दाजी म्हणायचा, म्हणून सगळा धक्काच त्यांना दाजी म्हणायचा.

फेरी ठरलेली, बोलणंही ठरलेलं. मध्यावर वल्ही थांबवायची, आवाज खाली आणायचा आणि सांगायचं, "या तळ्याला तळच नाही. आजवर कुणाला लागला नाही." बायका अंग चोरून बसायच्या, पुरुष फोन काढायचे. ही थाप दाजींनीच दुसऱ्या हंगामात सहज मारली होती. मेव्हण्याने ती उचलून धरली, तिकीटखिडकीवर 'अथांग सरोवर' अशी पाटी ठोकली आणि गर्दी वाढली. आता दिवसातून सात वेळा तेच बोलायचं दाजींच्या जिवावर यायचं. उजवा खांदा तर केव्हाच कामातून गेला होता.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातली, दुपारची पाचवी फेरी. नावेत सहा जण. पुढच्या फळीवर पन्नाशीच्या एक बाई एकट्याच बसलेल्या. दाजींनी ठरलेलं वाक्य टाकलं तसे बाकीचे पाण्यात डोकावले. बाई डोकावल्या नाहीत.

"खरंच तळ नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, ताई."

"माझा धाकटा भाऊ इथे बुडाला. बत्तीस वर्षं झाली. सापडलाच नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे तो अजून खालीच चाललाय का हो?"

दाजींच्या हातातली वल्ही जड झाली. हसून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"नाही, ताई. तळ आहे. सतरा पुरुषांवर, म्हणजे एकावर एक सतरा माणसं उभी राहतील एवढ्यावर. दोराला दगड बांधून मी स्वतः मोजलाय. खाली गाळ आहे, लोण्यासारखा मऊ."

बाईंनी डोळे मिटले. "मग टेकला असेल," एवढंच म्हणाल्या.

मागून एकजण उसळला, "मग पाटीवर अथांग कशाला लिहिलंय? फसवता होय लोकांना?"

धक्क्याला लागेपर्यंत तक्रार मेव्हण्याच्या कानावर गेलीच.

"दाजी, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि तोही दोर बांधून!"

"मी आता ते वाक्य म्हणणार नाही."

"मग नाव सोडा. उद्यापासून खिडकीत बसा."

संध्याकाळी बायको खांद्याला तेल चोळत होती. "तोंड आवरायला काय झालं होतं तुम्हाला?" दाजींनी त्या बाईंचं सांगितलं, तसा तिचा हात थांबला.

"मोजलं कधी होतंत?"

"पहिल्याच वर्षी."

"म्हणजे मोजून वर खोटं बोललात?"

"हो."

ती पुन्हा चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी दाजी त्याच पाटीखाली बसून तिकिटं फाडू लागले. त्यांच्या नावेवर नवा माणूस आला होता. त्याचा आवाज दणदणीत होता, 'तळच नाही' हे थेट काठापर्यंत ऐकू यायचं. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

खिडकीतून तळं दिसत नव्हतं. समोर फक्त बसथांब्याची भिंत होती. दाजींना ते बरं वाटलं.