चार बादल्या माती

क्लबात त्याला सगळे गवत्या म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी त्याला राग येत नसे. राग यायचा तो मैदानातून कुणी आडवं चालत गेलं की. तीस वर्षं त्यानं ते फुटबॉलचं मैदान राखलं होतं. बायको म्हणायची, पोराचा ताप मी मोजला, यांनी मोजली ती गवताची उंची. त्यात खोटं काही नव्हतं.

मॅच संपली की तो बादली घेऊन उतरायचा. बुटांनी उकरलेल्या एकेका खड्ड्यात बी मिसळलेली माती मूठमूठ घालायची, दाबायची, पुढे सरकायचं. किती बादल्या लागल्या ते वहीत लिहायचं. ही वही कुणी मागितली नव्हती आणि कुणी वाचतही नव्हतं. पण एकेकाला एकेक खोड असते.

दोन वर्षांपूर्वी क्लबानं महिलांचा संघ काढला आणि त्याची कॅप्टन झाली गवत्याचीच सून. पगार पुरुषांच्या निम्मा. गवत्याला त्याचं काही वाटलं नाही, वाईट माणूस नव्हता तरी. त्याला वाटलं ते एवढंच, की आता मैदान आठवड्यातून दोनदा उकरणार. त्यानं तावातावानं अर्ज खरडला: बायकांना मागच्या मैदानावर खेळवा. सेक्रेटरी मोठा बेरकी. अर्ज कमिटीपुढे येईपर्यंत त्यानं नियम काढला, की महिलांनी आपले खड्डे आपणच बुजवावेत. मॅचनंतर पुरुष गरम पाण्याखाली उभे असत, तर या अकरा जणी बादल्या घेऊन वाकलेल्या असत. गवत्या मागून फिरायचा, "दाबून भरा गं, नाहीतर उगवायचं नाही."

एक दिवस जेवताना सून म्हणाली, "बाबा, सोमवारपासून गोदामात जाईन म्हणते. पॅकिंगचं काम आहे, पण पगार पुरता मिळेल."

"आणि खेळ?"

"गुरुवारी कमिटीपुढे आमचा पगाराचा अर्ज आहे. नाही म्हणाले की संपलं. निम्म्या पगारावर घर किती दिवस ओढायचं?"

ताटावरून उठून तिनं बूट पुसले, आत कागदाचे बोळे कोंबले आणि खोक्यात घालून खोकं माळ्यावर ठेवलं. उद्या लागणारी वस्तू कुणी माळ्यावर ठेवत नाही. गवत्यानं ताट तसंच बाजूला सारलं.

गुरुवारी दुपारी त्यालाही वर बोलावलं होतं, त्याच्या दोन वर्षं पडून राहिलेल्या अर्जासाठी. सून दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिचा अर्ज आधी निघाला. सेक्रेटरीनं घसा साफ केला. "महिलांबद्दल आदर आहेच. पण पुरुषांच्या खेळात जी ताकद लागते, जी धावपळ, ती इथे नाही. खेळ हलका, म्हणून मोबदला हलका. यात अन्याय कसला?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणजे जुना गोलकीपर, बोटं वाकडी झालेला म्हातारा. तो म्हणाला, "पुढचा विषय घ्या, मग दोन्हींवर एकदमच ठरवू."

पुढचा विषय गवत्याचा. सेक्रेटरी हसून म्हणाला, "सांगा मामा. बायका मैदानाची किती नासधूस करतात ते सांगा."

गवत्या वही घेऊन उभा राहिला. हो म्हटलं की त्याचं मैदान त्याला परत मिळत होतं. दोन वर्षं तो याचीच वाट पाहत होता. त्यानं सुनेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"बायकांच्या मॅचला चार बादल्या माती लागते," तो म्हणाला.

"ऐकलंत?" सेक्रेटरी म्हणाला.

"आणि पुरुषांच्या मॅचलाही चार. पावसात दोघांनाही पाच. चाळीस मॅचचं लिहिलेलं आहे." त्यानं वही अध्यक्षापुढे ठेवली. "सेक्रेटरीसाहेब, आत्ता तुम्ही म्हणालात खेळ हलका. मग माझं मैदान उकरलं कुणी? खेळ हलका असेल तर माझा अर्ज फाडा. नसेल तर हिचा मंजूर करा. दोन दगडांवर पाय ठेवू नका."

सेक्रेटरी काहीतरी प्रेक्षकसंख्येचं बोलू लागला, पण अध्यक्ष वाकड्या बोटानं पानं उलटत होता. बऱ्याच पानांनंतर त्यानं विचारलं, "हिला मंजूर केलं तर तुझं मैदान आठवड्यातून दोनदा उकरतच राहणार. चालेल?"

गवत्याला ते मुळीच चालणार नव्हतं. "चालेल," तो म्हणाला.

मंजूर झालं. सगळं नाही, बक्षिसाच्या रकमेचं पुढच्या बैठकीवर ढकललं. पण पगार सारखा झाला, आणि माळ्यावरचं खोकं सुनेनं त्याच दिवशी खाली काढलं.

रविवारी तिची मॅच होती. शिट्टी वाजल्यावर मैदानाची दशा बघत गवत्यानं बादली काठोकाठ भरली. बादली घेऊन तो उतरला, तर सून सवयीनं आधीच तिथे वाकलेली, मुठीत माती.

"ठेव ते," तो करवादला.

"बाबा, नियम आहे ना?"

"पुरुष भरतात का?" त्यानं तिच्या मुठीतली माती आपल्या ओंजळीत घेतली. "उकरायचा पगार तुला, बुजवायचा मला. जा, गरम पाणी संपेल."