मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा नव्हे, त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा. गाडी शिकवणाऱ्यांच्या मोटारीतच माझी जात सापडते. एका गॅरेजात लोखंडी पट्टी कापून मला घडवलं, अंगावर रबर चढवलं आणि एका दांडीने पलीकडच्या खऱ्या ब्रेकशी माझी गाठ मारली. मी दबलो की तो दबतो, तो दबला की मी.

माझा जन्मच भीतीपोटी झाला. कुणी चुकेल, कुणी चेंडूमागे धावत रस्त्यावर येईल, या धास्तीने मला बसवलं. म्हणून गाडी सुरू झाली की अजूनही माझ्या स्प्रिंगला कंप सुटतो. आमच्या मास्तरांचा पाय मात्र लोण्यासारखा मऊ. ते मला इतक्या हळूच दाबत, की शिकणाऱ्याला वाटे, गाडी आपणच थांबवली. वर "वा, काय सुरेख थांबवलीत!" अशी शाबासकी. मास्तरांचं नाव झालं. माझ्या वाट्याला चिखलाच्या चपला.

मग छोटीची आई शिकायला आली. छोटीला दमा. एकदा पोरीला धाप लागली आणि फोन करकरून एकही गाडी येईना, तेव्हा तिला खांद्यावर टाकून ही माउली दवाखान्यापर्यंत पळाली होती. छोटीचे बाबा कामासाठी दूर. म्हणून हिला गाडी यायलाच हवी होती. स्टिअरिंग ती असं आवळून धरी, की बोटं पांढरी पडत.

"ताई, सोडा जरा. पळून नाही जात ते," मास्तर हसायचे.

लाल दिव्यापाशी तिचा पाय हमखास उशिरा पडे. मास्तरांचा वेळेवर पडे. तिला ते कळतच नसे.

परीक्षा तोंडावर आली, आणि एका सकाळी ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने गाडीत बसली.

"मास्तर, पोलिसांनी माझी पावती फाडली."

"कशाची?"

"काल भावोजी पाहुणे आले होते, त्यांना शेजारी बसवून घरची गाडी काढली होती. चौकात दिवा लाल झाला. मला वाटलं, थांबेल गाडी. म्हणजे... थांबतेच ना ती!" तिचा आवाज चिरकला. "नाही थांबली. समोरून एक आजोबा रस्ता ओलांडत होते. हातभर अंतर राहिलं हो!"

मी जागच्या जागी गोठलो. घरच्या गाडीत मी नव्हतो ना!

नुसत्या दंडावर भागणार नव्हतं. शिकाऊ परवान्यावर पावती फाटली, म्हणून तिला त्याच दिवशी परवाना कार्यालयात साहेबांपुढे उभं राहायचं होतं. परवाना रद्द झाला, तर सगळं पहिल्यापासून. शिकणाऱ्याची जबाबदारी शेजारी बसणाऱ्यावर, म्हणून भावोजींवरही ठपका. "वहिनी, सिग्नल तोडलात तुम्ही आणि नाक कापलं माझं," असं म्हणत ते घरभर तणतणत होते म्हणे.

"तोवर छोटीला काही झालं तर?" तिने विचारलं.

मास्तरांनी एकदा खाली माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, लाल दिव्याला गाडी तुम्ही थांबवतच नव्हता. मी थांबवत होतो. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही."

"म्हणजे मला येतच नाही?"

"कार्यालयापर्यंत तुम्हीच चालवा. बघू." असं म्हणून मास्तरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली! हातब्रेक तेवढा मुठीत धरला.

"मास्तर, पाय खाली घ्या हो!"

"समोर बघा."

मित्रांनो, एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो. चौक जवळ आला. दिवा पिवळा झाला. समोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर उतरली. दाबा मला, कुणीतरी दाबा! मी मनातल्या मनात ओरडत होतो. दिवा लाल झाला...

आणि मी खाली गेलो. माझ्यावर कुणाचाच पाय नव्हता. पलीकडून तिने दाबला होता.

मास्तर तिच्यासोबत साहेबांपुढे गेले आणि आपली चूक त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. परवाना वाचला, पण परीक्षा तीन महिने पुढे गेली. दुसरी पावती फाटली, तर परवानाही जाणार.

"तीन महिने," गाडीत बसताना ती पुटपुटली. "छोटे, तेवढं सांभाळ गं बाई."

"तोवर फोन करा. कधीही. मी येतो," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाडी शिकाल. कुणी शाबासकी दिली, तर आधी विचारा, गाडी थांबवली कुणी? तुमची चूक जो गुपचूप झाकतो, तो पुढच्या चौकात तुमच्यासोबत नसतो.

हल्ली मास्तर आधी मला दाबून दाखवतात, मग पाय मागे घेतात. माझ्या रबरावर धूळ साचते आहे. भीती काही गेलेली नाही. लाल दिवा दिसला की अजून थरथरतो. मग अंगावर पाय नसताना हळूच खाली जातो, आणि तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडतो.