टीव्हीवरचं कोपर

आमच्या ह्यांना बोटं स्वस्थ ठेवता येत नाहीत. जेवताना ताट, बसल्या जागी गुडघा, दुकानात सोफ्याला कापड ठोकताना हातोडी, जे हाती लागेल ते वाजतं. मी म्हणते, "अहो, आवाज." बोटं थांबतात. मी पाठ वळवली की पुन्हा सुरू. लग्नापासून हे चाललंय आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

लग्नाआधी हे ड्रम वाजवायचे, एवढं मला मान्य आहे. माझ्या वडिलांच्या लाँड्रीवरच्या खोलीत चार पोरं जमून धिंगाणा घालायची, त्यातले एक हे. मी खाली इस्त्री करायचे. पण उरलेली तिघं पुढे दुसऱ्या शहरात गेली आणि ज्यांच्या गाण्यांवर जग अजून माना हलवतं तो रॉक बँड म्हणजे तीच, हे ह्यांचं म्हणणं मी कधी मनावर घेतलं नाही. केस वाढवले की सगळी पोरं सारखीच दिसतात.

"मग तुम्ही का सोडलात?" असं कोणी विचारलं की हे छताकडे बघत म्हणायचे, "मतभेद झाले." पुढे एक अक्षर नाही.

आमचे व्याही निवृत्त ऑडिटर. हयातभर लोकांच्या हिशेबातली खोट काढली, आता ह्यांच्या बोलण्यातली काढतात. "पुरावा?" एवढंच विचारतात, तेही ह्यांनीच शिवलेल्या सोफ्यावर रेलून. जावई हसतो, लेक हसू दाबते, आणि हे बोटं वाजवायचंसुद्धा विसरतात. ते मला मुळीच आवडत नाही. माझ्या नवऱ्याला हसायचा हक्क माझा आहे, व्याह्यांचा नाही.

अशात टीव्हीवर त्या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा माहितीपट लागणार असं कळलं, आणि ह्यांनी आपण होऊन व्याह्यांना बोलावणं धाडलं. "आता बघाच पुरावा," म्हणाले. हात दाखवून अवलक्षण!

रविवारी दुपारी सगळे जमले. हे नवा शर्ट घालून बसले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही त्यांना बघणार आहात, ते तुम्हाला नाही." पण एकदा, फक्त एकदा दिसू दे ह्यांचं तोंड, असं मला मनापासून वाटत होतं.

गायकाला टक्कल पडलेलं बघून मला जरा बरं वाटलं. मग गिटारवाल्याची आत्या त्याच्या बाळपणावर बोलत बसली. बाईला आवरायला कोणी नव्हतं. शेवटी एकदाचा तालमीच्या खोलीचा फोटो आला आणि मी उठून टीव्हीजवळ गेले. खिडकीची कडी तुटलेली, आणि तिला कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळलेली. ती दोरी मीच बांधली होती! म्हणजे हे खरंच सांगत होते, इतकी वर्षं.

फोटोत तीन पोरं होती. आणि कडेला एक कोपर.

"ते माझं कोपर!" हे ताडकन उठले.

व्याह्यांनी चष्मा पुसला. "कोपर काय, कोणाचंही असतं."

"बाबा, बाही वर करा," लेक म्हणाली. ह्यांनी बाही सरकवून टीव्हीशेजारी कोपर धरलं. व्याह्यांनी जवळ जाऊन दोन्ही तपासली. "जुळतंय असं म्हणता येत नाही," त्यांनी अभिप्राय दिला, "आणि जुळत नाही असंही म्हणता येत नाही."

तेवढ्यात निवेदकानं पहिला ड्रमर लवकरच बाहेर पडल्याचं सांगून विषय संपवला. हे परत येऊन बसले. बोटं गुडघ्यावर गप्प पडली होती. मला राहवेना. त्या दोरीची साक्ष द्यायला मी तोंड उघडलं, तोच निवेदक म्हणाला, "ऐका, त्यांचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग."

ड्रम वाजले, गिटार वाजली आणि खालून कुठून तरी एक मुलगी किंचाळली, "अरे मेल्यांनो, बंद करा तो धिंगाणा! वकिलांची कॉलर जळली इथे!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाकारण्यात अर्थ नव्हता. त्याच आवाजात मी रोज ह्यांना जेवायला हाक मारते.

टेपवर गिटार चालूच होती. ड्रम मात्र ओरडल्या क्षणी थांबले होते. मग एक कोवळा आवाज आला, "सॉरी हं!"

टकलू गायक डोळे पुसत हसत होता. "ती ओरडली की हा थांबायचाच हो. एक गाणं पुरं होईना. शेवटी आम्ही म्हटलं, एकतर ती कजाग पोरगी, नाहीतर बँड. 'माफी मागून येतो' म्हणून जिना उतरला, तो परत वर आलाच नाही. हात लाखात एक होता त्याचा."

व्याह्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पुरावा ग्राह्य," म्हणाले, आणि पहिल्यांदाच सोफ्यावर ताठ बसले.

मी ह्यांच्याकडे वळले. "आणि मला सांगितलंत मतभेद झाले!"

"झालेच ना," हे बाही खाली करत म्हणाले. "ते म्हणाले, पोरगी कजाग आहे."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, कॉलर जळल्यावर कोणीही ओरडेल."

पडद्यावर त्यांचं एक गाणं सुरू झालं होतं आणि ह्यांची बोटं हळूच गुडघ्यावर चालू लागली होती. चोरून माझ्याकडे बघत होते, आता ओरडेन म्हणून. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.