एका नावाचे धनी

भातसानगरच्या आमच्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडून मिलिंददादाचा आवाज यायचा. जड, मंद, कमळात अडकलेल्या भुंग्याच्या गुंजारवासारखा. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाच. पण त्याच्या वडिलांनी हे नाव इतिहासावरून ठेवले होते. मिनँडर नावाचा एक यवन राजा भिक्खूसमोर विनम्र होऊन बसला, शंका फिटेपर्यंत प्रश्न विचारत राहिला, आणि ग्रीकांचे ते नाव आपल्याकडच्या जिभांवर मिलिंद झाले. धरणाच्या दरवाजांवर काम करणारा, आईसोबत राहणारा हा आमचा शेजारीही तसाच. हेमंतातल्या कोवळ्या उन्हात अंगणात बसून तो विचारी, मुंबईला जाणारे हे पाणी चैत्रात शेजारच्या शेणवे गावातल्या विहिरीला ओळख का देत नाही? उत्तराची त्याला घाई नसे. मान किंचित कलती करून तो नुसता वाट पाहत राही.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने प्राण राखला, स्वर नेला. भिंत निःशब्द झाली. प्रश्न त्याच्या भुवयांत आणि उघड्या तळव्यात वस्तीला आले.

त्याच वर्षी वैशाखात मला मुलगा झाला. बारशाला मी मिलिंद हे नाव सुचवले, तशी दादाची आई, ठकूआई, पाळण्याची दोरी सोडून उभी राहिली.

"जित्या मानसाचं नाव दुसऱ्याला ठेवत नाय गो. माझ्या लेकाला आत्ताच घालवतेस काय?"

मी ओशाळले. दादा मात्र हसला. जुन्या नाण्यांवरून मिनँडर नावाचे राजे दोन ठरतात, असे त्याने कुठेतरी वाचले होते. आईजवळ वाकून, स्वर नसलेल्या नुसत्या श्वासाने तो म्हणाला, "आई, राजे पन दोन होते. एकाच नावाचे."

ठकूआई त्याच्याकडे पाहत राहिली. मग पाळण्यावर ओणवून तिनेच ते नाव बाळाच्या कानात सांगितले.

पुढच्या शिशिरात, पानगळीच्या दिवसांत, दादा गेला. मी मुलाला नुसते 'बाळा' म्हणू लागले. ते नाव ठकूआईच्या कानी पडू नये म्हणून. वर्षे गेली. एका सांजेला ती दारात येऊन उभी राहिली.

"त्याला नावानं हाक मार गो. माझ्या घरात आता ते नाव कोन घेनार?"

मी हाक मारली. मुलगा धावत आला. ठकूआई मात्र अजून रिकाम्या रस्त्याकडेच पाहत होती. हाकेला ओ देणारा बदलतो. जो गेला, तोच ऐकणाऱ्याच्या मनात अजून वाटेत असतो.